पाठ टेकव

२ नोव्हेंबर, रविवार

जिंकला! सगळे नाचले. मीपण नाचले, खोटं कशाला बोलू. पण आज सकाळपासून कालच्या केज फाइटचा दुसरा राउंड मोबाइलवर मागेपुढे करून बघतेय.

सांगलीचा तो पोरगा काही खास नव्हता. पाय जड, डावा हात कायम खाली. पहिल्या राउंडमध्ये संघ्यानं त्याचं नाक फोडलं. कर्कन आवाज आला, जाळीच्या बाहेर माझ्यापर्यंत. रक्त दातांवर उतरलं तरी पोरगा पुढे पुढेच येत राहिला. दुसऱ्यात त्यानं एक उजवा फेकला — लांबून, आळसात, आधी सांगून-सवरून फेकल्यासारखा. असला ठोसा माझा भाऊ झोपेत चुकवायचा. काल चुकवला नाही. चुकवायचा प्रयत्नसुद्धा नाही! कानशिलावर बसला. मी स्लो करून पाहिलं. ठोसा येताना संघ्याची पापणी लवली नाही. लागल्यावर लवली.

मग पडला. पडल्यावर काय करणार ते मला ठाऊकच होतं. गर्रकन पोटावर वळला, तोंड खाली, मान मोकळी. समोरच्याला मागून गळा धरायचं सुचलं नाही, नाहीतर कालच खेळ खलास होता. तो अडाणी पाठीत बुक्क्या मारत बसला. संघ्या उठला, त्याला उचलून आपटलं, आणि वर बसून रेफरी ओढेपर्यंत तोंड ठेचलं.

हिंदुराव सर मला जिमची थर्ड अंपायर म्हणतात. पुनावळ्याच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकी सगळे मारतात, मी बघते. आपले कुठे कमी पडतात, समोरचा कुठे उघडा पडतो, हे शोधते. कंपनीतही क्वालिटीत हेच. तुटलेला पार्ट टेबलावर येतो. तुटला कुठे ते सगळ्यांनाच दिसतं. चीर कुठून सुरू झाली ते मी शोधायचं.

आज मला चीर दिसली आहे. ती पार्टात असती तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना विषय काढला आणि ताटावरच भांडण झालं.

मी म्हटलं, "संघ्या, खाली गेलास की पाठ टेकव. तोंड वर, पाय त्याच्या आणि तुझ्यामध्ये घाल. समोरचा दिसतो, त्याचे हात धरता येतात. पोटावर वळलास की मागून गळा उघडा. किती वेळा सांगू?"

संघ्या भाकरी मोडत राहिला. आबांनी मान वर केली.

"कुणाला पाठ टेकवायला सांगायलीस?"

"आबा, ही कुस्ती नाही. पाठ लागली म्हणून इथं कुणी हरत नाही."

"इथं हरत नसंल," आबा म्हणाले. "आमी हरतो."

झालं! आमचे आबा, भीमराज पैलवान, धाराशिवकडचे. गावच्या जत्रेत आमच्या वस्तीतल्या माणसाला आखाड्यात उतरू देत नसत. आबा उतरले. कसे उतरले ती गोष्ट दर वेळी थोडी वेगळी असते, शेवट मात्र ठरलेला — पाठ लागली नाही. पुढे चाकणला प्रेस शॉपमध्ये मशीननं बोटं घेतली, आई गेली, कंपनीनं घरी बसवलं. पण पाठ? नाही लागली! संघ्याला चालता येण्याआधी हे शिकवलं गेलं. चटईवर लोळवायचे आणि तो पालथा झाला की टाळ्या वाजवायचे.

हात धुताना संघ्या हळूच म्हणाला, "ताई, मला कळतं गं. पण पडलो की अंगच वळतं. मी नाही वळत."

९ नोव्हेंबर, रविवार

सरांनी पुढची फाइट ठरवून टाकली. राजगुरुनगरचा भैरू. चाकण-तळेगाव रोडच्या लॉन्सवर, डिसेंबरात, कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाला. ज्या स्टेजवर नवरा-नवरी बसतात तिथे जाळीचा केज लागणार. जो जिंकेल त्याला फाइट भरवणारी मुंबईची मोठी कंपनी करारात घेणार. जिममध्ये पोरं नुसती किंचाळत होती. त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या बंटीनं संघ्याला खांद्यावर घेतलं.

मी घरी येऊन भैरूच्या फाइट काढल्या. डाव्या हातानं फक्त अंतर मोजतो, दुखवत नाही. दम कमी. जमिनीवर गेला की गोंधळतो. म्हणजे हरवता येण्यासारखा आहे. पण तो उजवा! खांद्यावरून गोल फिरून वरून येतो, घण पडावा तसा. साताऱ्याच्या माणसाला लागला तेव्हा तो ताठच्या ताठ पडला. हात हवेत तसेच राहिले, समोर काहीतरी धरून ठेवल्यासारखे. डोळे उघडे. भैरू थांबला नाही. पडलेल्याच्या तोंडावर अजून ठोसे मारले. एक दात जाळीला येऊन अडकला, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. लोक शिट्ट्या मारतायत.

एक खूण सापडली. उजवा टाकायच्या आधी भैरूची उजवी टाच किंचित उचलली जाते. प्रत्येक वेळी. दोन वर्षांपूर्वीच्या संघ्याला मी एवढंच सांगितलं असतं — टाच बघ — आणि निवांत झोपले असते.

आताच्या संघ्याला टाच उचललेली दिसेल, आणि ठोसा आधी पोचेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संघ्यानं मला सकाळी विचारलं, गॅस आला का. आला म्हटलं. चहा पिताना परत विचारलं, गॅस आला का.

संध्याकाळी कंपनीतून (तोही तिथेच, फोर्जिंगमध्ये, जिथे लाल लोखंड ठोकतात) येताना त्याच्या बाइकवर मागे बसले होते. कुरुळीला घराकडे वळायचं सोडून भोसरीच्या रस्त्याला लागला. आमची जुनी खोली तिकडे होती. ती सोडून किती वर्षं झाली! मी खांद्यावर थापटी मारली तर हसला. "तुला फिरवून आणत होतो."

हसला खरा, पण घाबरला होता. मला आरशात दिसलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकून त्याला डोक्याच्या फोटोला नेलं. रिपोर्ट नॉर्मल. बाहेर येऊन त्यानं तो कागद माझ्यासमोर पंख्यासारखा हलवला. "बघ! क्वालिटी पास!"

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फोटो चांगला आला म्हणजे सगळं चांगलं, असं नसतं. विसरतो म्हणता, रस्ता चुकतो म्हणता — मग आता डोक्यावर मार नको. अजिबात नको." मी म्हटलं, हे त्याला सांगा. त्यांनी सांगितलंही. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाला आणि तिथून थेट जिमला गेला.

सरांनाही फोन केला. म्हणाले, "अंजली, तुला व्हिडिओत भुतं दिसायला लागलीत. जरा सुट्टी घे." सुट्टी घे म्हणे! जिंकताना माझे डोळे चालतात, हे सांगितलं की भुतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज त्याला बसवलंच. लॅपटॉपवर डाव्या बाजूला जुना सराव, उजव्या बाजूला गेल्या महिन्याचा. समोर बंटीच, ठोसा तोच. डावीकडचा संघ्या ठोसा निघायच्या आधीच बाजूला झालेला. उजवीकडचा तिथेच उभा. परत लावलं. परत लावलं.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यानं कपाटाच्या दारावर ठोसा मारला. पत्रा आत गेला. मग परत मारला, परत. बोटांची सालं निघाली, पांढऱ्या रंगावर लाल उठलं.

"काय करू मग? सांग ना! आयुष्यभर भट्टीवर चिमटा धरून उभा राहू? एवढी एकच गोष्ट येते मला, ताई. एकच!"

मी रडले. मला रडायचं नव्हतं, राग होता नुसता. त्याचा हात नळाखाली धरला. पाणी गुलाबी होऊन जात राहिलं, आणि तो शांत झाला.

"ही शेवटची," म्हणाला. "म्हणजे हरलो तर शेवटची. आबांची शपथ. हरलो तर दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज तुझ्या हातात."

"आणि जिंकलास तर?"

"जिंकलो तर काय! मुंबई!"

आबांची शपथ तो मोडणार नाही. लहानपणापासून एकही मोडलेली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सरावात बंटीचा साधा ठोसा लागला. संघ्या जिमच्या मागे जाऊन ओकला. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, अंडी खराब होती.

अंडी मी उकडून दिली होती. मी पण तीच खाल्ली होती.

३० नोव्हेंबर, रविवार

डोकं फिरायची वेळ आली आहे, म्हणून सरळ लिहून काढते.

तो लढणार. ते कुणी थांबवू शकत नाही. सर थांबवणार नाहीत, आबा तर नाहीच.

लढला आणि भैरूचा उजवा लागला तर साताऱ्याच्या माणसासारखा पडेल. हात हवेत, डोळे उघडे. मग कदाचित उठेल. उठेल तो कोण असेल, मला माहीत नाही.

लढला आणि जिंकला तर मुंबई. मग भैरूपेक्षा मोठे उजवे हात, महिन्या-दोन महिन्यांनी एक. हे तर त्याहून वाईट! आपला भाऊ जिंकू नये असं वाटणारी मी पहिलीच बहीण असेन.

आणि लढला आणि हरला — पण मार खाऊन नाही. पडला, नेहमीसारखा पोटावर वळला, भैरूनं मागून गळा धरला. संघ्या हात आपटून हार मानेल आणि सोडवून घेईल. किंवा हट्टी आहे, आपटणार नाही, मग दोन श्वासांत झोपेल, रेफरी सोडवेल आणि लगेच उठेल. गळा धरून झोपलेले मी पुष्कळ पाहिलेत. उठतात, इकडेतिकडे बघतात, काय झालं विचारतात आणि पाणी पितात. डोक्यावर एक ठोसा नाही. शपथेप्रमाणे ग्लोव्हज माझ्या हातात.

फक्त भैरूला हे माहीत नाही. तो उजवाच टाकणार. त्याला कुणीतरी सांगायला हवं.

लिहिलं. आता वाचवत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आबा पांढरे कपडे घालून वस्तीतल्या लोकांबरोबर दादरला अभिवादनाला गेले. संघ्या सेकंड शिफ्टला. मी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, आणि त्याच फोटोसमोर बसून लक्ष्मणरावांना मेसेज केला. भैरूचे वस्ताद. नंबर आयोजकांच्या ग्रुपवर होताच.

लिहिलं — उजव्याच्या नादी लागू नका. संघर्षची ठोशाची तयारी पक्की आहे. (खोटं!) त्याचा पट काढा, पाय ओढून खाली पाडा. पडला की तो डावीकडून पोटावर वळतो, दर वेळी. पैलवानाचं अंग आहे, पाठ लागू देत नाही. वळला की मागून गळा घ्या.

सोबत तो वळतानाचे सगळे तुकडे कापून पाठवले. मीच गोळा केले होते, त्याला दाखवायला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "ताई, तुम्ही त्याच्या बहीण ना? मग कुणाच्या बाजूनं बोलताय?"

मी लिहिलं, "त्याच्याच."

त्यांना ते कळलं नसणार. नुसता अंगठा पाठवला. मेणबत्ती संपेपर्यंत तिथेच बसून होते. आपल्या घरातला माणूस मी विकला, असं वाटत होतं. विकला नाही, विकला नाही, असंही सारखं म्हणत होते.

९ डिसेंबर, मंगळवार

डबा भरताना संघ्या म्हणाला, "ताई, या वेळी तू ओरडली नाहीस."

"कशाबद्दल?"

"पाठ टेकव, पाठ टेकव. महिनाभर एकदा पण नाही."

तव्यावरची पोळी उलटायची राहिली. मी म्हटलं, "तू ऐकतोस का कधी?"

तो काहीतरी विचार करत माझ्याकडे बघत राहिला. मग डबा घेऊन गेला.

११ डिसेंबर, गुरुवार

वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवायला संघ्यानं भट्टीची ड्यूटी मागून घेतली आहे. इथली लढणारी पोरं असंच करतात. आत दोन टी-शर्ट, वर प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर युनिफॉर्म, आणि पाणी बंद. लाल सळई भट्टीतून ओढायची, हॅमरखाली धरायची, परत ओढायची. सुपरवायझर खूश, एवढ्या हौसेनं भट्टीवर कोण उभं राहतं!

दुपारी शॉपमध्ये जाऊन आले. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. हॅमर पडला की तो डोळे मिटत होता. हॅमर रोजच पडतो. आधी कधी मिटत नव्हता.

तो बसला तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ती कपाळाला लावली आणि परत दिली.

१३ डिसेंबर, शनिवार

वजन भरलं. दोघं समोरासमोर उभे राहिले, फोटोसाठी कपाळाला कपाळ. भैरू पुटपुटला, "उद्या झोपवतो तुला." संघ्या म्हणाला, "अंथरूण घिऊन ये." पोरं हसली. लॉन्सच्या दारात भाऊंचा फ्लेक्स, आणि खाली या दोघांचे एवढुसे फोटो.

लक्ष्मणराव जवळून गेले. साधा माणूस, पांढरी टोपी, हातात पाण्याची कॅन. थांबले, हात जोडले आणि पुढे गेले. हिंदुराव सर म्हणाले, "बघ, तुला नमस्कार करतोय! घाबरलाय म्हातारा."

निघताना आबांनी संघ्याच्या पाठीवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. "जय भीम. हिला जप."

१४ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी चारलाच फाइट सुरू केली, भाऊंना पुढे कुठे जायचं होतं. नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर भाऊ, शेजारी आबांना खुर्ची. हलगी, डीजे, वर ड्रोन. मी सरांच्या बाजूला, जाळीला नाक लावून.

पहिला राउंड. टाच उचलली — मी ओरडले "टाच!" — आणि उजवा आला. संघ्याला उशीर झालाच, पण ठोसा घसरला, कानामागून गेला. गुडघा वाकला त्याचा. मग भैरूनं असं काही केलं की सर चक्रावले. वाकला आणि संघ्याच्या पायाला हात घातला.

"हा कधीपासून पट काढायला लागला?" सर म्हणाले.

मी जाळी घट्ट धरली. संघ्यानं पाय मागे टाकले, अंगाचा भार दिला आणि त्याचं तोंड जमिनीत घातलं. पैलवानाचा पट असा सहज निघत नाही, हे मी लक्ष्मणरावांना सांगायला विसरले होते. उठताना संघ्यानं गुडघा मारला. भैरूची भुवई फाटली, डोळ्यावर पडदा आल्यासारखं रक्त. घंटा झाली.

दुसरा. दोघंही दमलेले आणि चिडलेले. जवळ उभं राहून नुसती झोडपाझोडपी. कोपर, ठोसा, कोपर. संघ्याचा ओठ फाटून लोंबत होता. कुणाचं रक्त कुणाच्या अंगावर ते कळत नव्हतं. भैरूनं डाव्यानं नाकावर एक दिला, संघ्याचे हात वर गेले, आणि खाली पट निघाला! दोघं धाडकन आदळले, केज हलला.

भैरू लगेच डावीकडे सरकला. हात तयार, गळ्यासाठी वाकडा करून ठेवलेला. शिकवल्यासारखा. मीच शिकवलं होतं. मी डोळे मिटले. म्हटलं, वळ बाबा. वळ आणि संपव.

लोक एकदम गप्प झाले म्हणून उघडले.

संघ्या वळला नव्हता.

पाठ टेकवून पडला होता. दोन्ही खांदे जमिनीला, तोंड आभाळाकडे, पाय वर घेतलेले. भैरूचा हात रिकाम्या हवेत फिरला. ज्या पाठीसाठी तो आला होता ती पाठ नव्हतीच. आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

भैरूला दुसरं काय येतं? तो त्याच्या छातीवर चढला आणि कोपर घालायला लागला. वरून, सगळं वजन टाकून. पहिलं कपाळावर. डोकं खाली आपटून परत वर आलं आणि दुसरं बसलं. तो आवाज! ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडते तसा. प्रत्येक वेळी डोकं दोनदा लागत होतं, एकदा कोपराला, एकदा जमिनीला.

मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आता कळतंय. "वळ! वळ रे संघ्या! पोटावर वळ!" इतकी वर्षं त्याला जे करू नको म्हणून बोंबलले, तेच जाळी हलवून हलवून मागत होते. सर माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

त्यानं मान वळवली. एक डोळा रक्तानं बंद, दुसऱ्यानं माझ्याकडे बघितलं. वळला नाही.

पुढचं कोपर आलं ते त्यानं दोन्ही हातांनी पकडलं. पाय भैरूच्या मानेवरून टाकला, कंबर उचलली आणि हात ताणला. भैरूनं दुसऱ्या हातानं आपटायला उशीर केला. कडकन वाजलं. कोपर उलट्या बाजूला गेलं, आणि भैरू असा ओरडला की हलगीवाला थांबला.

संपलं. जिंकला! लोकांनी जाळीवर चढून गुलाल उधळला. भाऊंनी गळ्यात मेडल घातलं. मुंबईचा माणूस सरांना मिठी मारत होता. बंटी रडत होता.

आबा जागचे हलले नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाले, "पाठ लागली त्याची." डोळे पुसायला वर गेलेला तो अर्धवट बोटांचा हात तसाच तोंडावर राहिला.

लक्ष्मणराव भैरूला धरून चालले होते. हात टॉवेलमध्ये बांधलेला. माझ्यासमोर थांबले. "चांगलं फसवलंत, ताई. पोराचा हात गेला." मी कुणाला फसवलं, मलाच कळत नाहीये.

आयोजकांच्या डॉक्टरनं संघ्याच्या डोळ्यात टॉर्च मारला, टाके घातले. मी म्हटलं, आत्ताच दवाखान्यात नेते. तो म्हणाला, बोलतोय, चालतोय, उद्या दाखवा. सरही म्हणाले, आजचा दिवस त्याला जिंकू दे. सगळे नको नको म्हणाले आणि मी ऐकलं.

गाडीत एकदा ओकला. मी त्याला विचारलं, "का टेकवलीस रे? आजच का?" तो फाटलेल्या ओठानं नुसता हसला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. उद्या पहिल्यांदा दवाखाना. डॉक्टरीणबाईंना मेसेज केला आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात बाहेर बसून लिहितेय. त्याला आत नेलं आहे.

सकाळी मी उठले तर संघ्या दारात बसला होता. गळ्यात मेडल तसंच, केसांत गुलाल, आणि ग्लोव्हजची बॅग भरून तयार. मला जवळ बोलावलं, आबा झोपलेत ना ते बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाला,

"ताई, भैरूची फाइट कधी आहे गं? आबांना सांगू नकोस, पण या वेळी मी तुझं ऐकणार आहे. पाठ टेकवणार."